टेक्नोचा ठेका कोणाचा?

गेल्या महिन्यात आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एका पोराने मोबाईल स्पीकरला जोडला आणि म्हणाला, "ताई, आज वाचन नंतर. आधी हे ऐका." जे वाजू लागले त्यावर पहिल्या मिनिटातच दोघे-तिघे हसले. ठेका सरळ चालतच नव्हता. पत्र्याच्या छपरावर गारा पडाव्यात तसे ठोके पडत होते. मध्येच त्यांची गती दुप्पट व्हायची, मध्येच सगळे विस्कटून खोलवरचा एक घुमारा तेवढा उरायचा. नाचावे तर पाय कुठे टाकायचा ते कळेना. "डीजेचा पेन ड्राइव्ह बिघडलाय," मागून कोणीतरी म्हणाले. मग एका मुलीने विचारले, आणि तिचा प्रश्न रास्त होता, "अमेरिकेतल्या कुठल्यातरी माणसाचा अल्बम. आपला याच्याशी काय संबंध?"

त्या दिवशी आम्ही जे उत्तर दिले ते आमचे आम्हालाच पटले नाही. ब्लॅक पँथर, दलित पँथर, जगभरच्या शोषितांची एकजूट वगैरे. ही वाक्ये आपण इतक्या वेळा बोललो आहोत की ती गुळगुळीत झाली आहेत. म्हणून हे लिहायला बसलो.

अल्बमचे नाव 'टेकझोडस'. २०२३ साली प्लॅनेट म्यू या ब्रिटिश कंपनीने तो काढला. 'टेक्नो' आणि 'एक्झोडस', म्हणजे गुलामीतून सामूहिक निघून जाणे, हे दोन शब्द जोडून ते नाव केले आहे. करणारा 'स्पीकर म्युझिक' या नावाने वाजवतो. त्याचे खरे नाव डिफॉरेस्ट ब्राऊन ज्युनियर. अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या अलाबामा राज्यातला हा कृष्णवर्णीय तरुण संगीतकारही आहे आणि लेखकही. २०२० च्या जूनमध्ये, जॉर्ज फ्लॉईडच्या खुनानंतर अमेरिका पेटलेली असताना, गुलामीमुक्तीच्या स्मरणदिनी त्याने आधीचा अल्बम काढला होता. त्याचे नाव 'ब्लॅक नॅशनॅलिस्ट सॉनिक वेपनरी'. नंतर २०२२ मध्ये 'असेंबलिंग अ ब्लॅक काउंटर कल्चर' हे त्याचे जाडजूड पुस्तक आले. पुस्तकाचा मुद्दा थोडक्यात असा, की आज जग ज्याला युरोपातल्या क्लबांचे संगीत समजते तो टेक्नो डेट्रॉईट शहरातल्या कृष्णवर्णीयांनी घडवला आणि त्यामागे तिथल्या मोटार कारखान्यांतल्या श्रमाचा इतिहास आहे. 'टेकझोडस' म्हणजे तोच युक्तिवाद आवाजात. 'डेट्रॉईटचा टेक्नो' म्हणून एक साचा जगाने ठरवला आहे, त्याची नक्कल तो करत नाही. त्या आवाजाच्या मुळाशी जो प्रवास आहे तो पुन्हा चालून बघतो.

हा प्रवास समजायला ड्रेक्सिया हे नाव माहीत पाहिजे. अल्बमचा धागा तिथूनच निघतो.

ड्रेक्सिया म्हणजे डेट्रॉईटचे दोघे जण, जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनाल्ड. १९९० च्या दशकात ते तबकड्या काढत होते, पण चेहरा दाखवत नव्हते. मुलाखती जवळपास नाहीतच. १९९७ मध्ये त्यांचा 'द क्वेस्ट' हा संग्रह आला. त्याच्या वेष्टनावर एक कथा छापली होती. आफ्रिकेतून गुलाम भरून नेणाऱ्या जहाजांवरून आजारी, गरोदर बायकांना समुद्रात फेकले जात असे. त्या बायकांच्या पोटातली बाळे आईच्या उदरात पाण्यातच होती ना? मग ती पाण्यातच श्वास घ्यायला शिकली असली तर? ती जगली असली तर? अटलांटिकच्या तळाशी त्यांचे राष्ट्र उभे राहिले असले तर?

ही कथा वाचून दाखवली तेव्हा वर्ग शांत झाला. माणसे समुद्रात फेकणे ही कल्पना नाही. १७८१ साली 'झाँग' नावाच्या जहाजावरून १३० पेक्षा जास्त जिवंत माणसे पाण्यात फेकण्यात आली आणि मालकांनी नंतर विमा कंपनीकडे 'मालाच्या नुकसानी'चा दावा लावला. त्यावर इंग्लंडच्या कोर्टात खटला चालला, तो खुनाचा नव्हता, विम्याचा होता. इतिहासात मेलेल्यांची नावेसुद्धा नोंदलेली नसतील तर त्यांच्या वारसांनी काय करावे? ड्रेक्सियाने त्यांना मूल दिले, देश दिला, तंत्रज्ञान दिले. आणि हे सगळे एकही शब्द न गाता, नुसत्या यंत्रांच्या आवाजात.

त्याच वेष्टनावर चार नकाशे होते. पहिला गुलामांच्या व्यापाराचा. दुसरा दक्षिणेच्या खेड्यांतून उत्तरेच्या शहरांकडे झालेल्या स्थलांतराचा. तिसरा १९८८ चा, टेक्नो डेट्रॉईटमधून बाहेर पडून जगभर पसरतो त्याचा. चौथा भविष्यातला, परतीच्या वाटेचा. आमच्या मते 'टेकझोडस' हा या चौथ्या नकाशावरचा प्रवास आहे. स्टिन्सन २००२ मध्ये ऐन तारुण्यात वारला. ज्याने नकाशा काढला तो गेला, वाट कोणीतरी पुढे चालते आहे.

आता दुसऱ्या नकाशाकडे या, म्हणजे डेट्रॉईटकडे. १९१४ मध्ये फोर्डने दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली आणि दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांवरून कृष्णवर्णीय माणसे या शहराकडे निघाली. काम मिळाले, पण कुठले? भट्टीखात्यातले, रंगखात्यातले. जिथे अंग भाजते आणि फुफ्फुसे जातात तिथले. गिरणगावाचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना इथे काही ओळखीचे दिसेल. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला होता आणि तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. तुटलेला धागा तोंडाच्या ओलाव्याने जोडावा लागे, विटाळ होईल म्हणून. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा संपाच्या नेत्यांची चांगलीच अडचण झाली होती. कारखाना आधुनिक, यंत्रे आधुनिक, पण कोणी कुठल्या यंत्रापाशी उभे राहायचे हे जुन्याच नियमाने ठरते. डेट्रॉईटमध्येही तेच होते. गोऱ्या पुढाऱ्यांच्या युनियनला कंटाळून १९६८ मध्ये डॉज कंपनीच्या कारखान्यातल्या कृष्णवर्णीय कामगारांनी आपली वेगळी संघटना काढली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून शब्द होतो 'ड्रम'. टेक्नोच्या एक तप आधी त्या शहरात ड्रम असा वाजला होता.

त्याआधीच्याच वर्षी, जुलै १९६७ मध्ये, पोलिसांच्या एका धाडीवरून शहरात उठाव झाला. ४३ माणसे मेली. गोरी वस्ती आधीपासूनच उपनगरांकडे सरकत होती, आता ती पळाली. कारखानेही मागोमाग गेले. गाण्यांचा कारखाना म्हणावा अशी मोटाउन कंपनी याच शहरात १९५९ मध्ये उभी राहिली होती, तीसुद्धा १९७२ मध्ये लॉस एंजेलिसला गेली. १९५० मध्ये साडेअठरा लाखांचे शहर २०१० मध्ये सात लाखांवर आले. २०१३ मध्ये महापालिकेने चक्क दिवाळे काढले.

या उतरणीच्या मध्यावर १९८१ मध्ये एक तबकडी आली. 'सायबोट्रॉन' या जोडीची 'अ‍ॅलीज ऑफ युवर माइंड'. जोडीतला एक रिक डेव्हिस, व्हिएतनामच्या युद्धातून परतलेला शिपाई. दुसरा हुआन अ‍ॅटकिन्स, विशीही न ओलांडलेला पोरगा, ज्याला त्याच्या आजीने कॉर्ग कंपनीचा छोटा सिंथेसायझर घेऊन दिला होता. अ‍ॅटकिन्स आणि त्याचे शाळासोबती डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन हे तिघे टेक्नोचे जनक मानले जातात. रात्री रेडिओवर 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' नावाचा एक निवेदक असायचा, तोही चेहरा न दाखवणारा. तो प्रिन्स, पार्लमेंट-फंकाडेलिक आणि जर्मनीचे क्राफ्टवर्क हे सगळे एकाच रात्रीत वाजवायचा. हा काळ्यांचा, हा गोऱ्यांचा असली वाटणी त्याच्याकडे नव्हती. पोरे ते ऐकत वाढली. अ‍ॅटकिन्सने अ‍ॅल्विन टॉफलरची पुस्तके वाचली होती, 'टेक्नो' हा शब्द तिथून त्याच्या डोक्यात बसला. त्यांच्या हाताशी रोलँड या जपानी कंपनीची ताल वाजवणारी यंत्रे होती. '८०८' हे त्यांतले एक. १९८० मध्ये बाजारात आलेले हे यंत्र खऱ्या ढोलासारखे वाजत नाही म्हणून व्यावसायिक वादकांनी नाकारले. जेमतेम १२ हजार नग विकून कंपनीने ते बंद केले. मग ती यंत्रे जुन्या बाजारात पडत्या किमतीत आली आणि ज्यांना नवे घेणे परवडत नव्हते त्यांनी उचलली.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. टेक्नोवर लिहिणारे अनेक जण 'भुकेल्या झोपडपट्टीतल्या पोरांनी भंगारातून संगीत केले' अशी गोष्ट रंगवतात. ती ऐकायला बरी वाटते, पण खरी नाही. हे तिघे शिकले ते बेलव्हिल या गावात, शहरापासून पंचवीस-तीस मैलांवर. घरची परिस्थिती त्यातल्या त्यात बरी. आणि ती बरी का होती? डेट्रॉईटमधल्या कृष्णवर्णीय मध्यमवर्गाचा पाया मोटार कारखान्यांच्या पगाराने घातला होता, आणि तो पगार आधीच्या पिढ्यांनी लढून मिळवला होता. पोराला सिंथेसायझर मिळतो त्यामागे कोणाच्यातरी संपाचे दिवस असतात. आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तो वडिलांना राखीव जागेवर मिळालेल्या नोकरीतून. वडील त्याला हात लावत नसत, रोज संध्याकाळी फक्त त्यावरचे कापड झटकत. आमच्या वस्तीत आज जी पोरे लॅपटॉपवर बीट बनवतात त्यांच्यामागे असाच एकेक बाप किंवा आई आहे, सफाई खात्यातली, रेल्वेतली, एसटीतली. 'प्रतिभा' म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो तिच्या खाली ही पगारपत्रके असतात. समाजशास्त्राच्या वर्गात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. आमच्या वडिलांना शब्द माहीत नव्हता, कापड झटकणे माहीत होते.

१९८८ मध्ये इंग्लंडमध्ये या पोरांच्या गाण्यांचा संग्रह निघाला. त्याला शिकागोच्या हाऊस संगीताची डेट्रॉईट शाखा असे काहीतरी नाव देण्याचे घाटत होते. अ‍ॅटकिन्सने ऐनवेळी दिलेल्या गाण्याच्या नावात 'टेक्नो' होते आणि संग्रहाचे नाव बदलले. म्हणजे नाव त्यांनी स्वतः ठेवले. हे लक्षात ठेवा, कारण पुढे ते नाव त्यांच्याकडे राहिले नाही. बर्लिनची भिंत पडली, रिकाम्या तळघरांत क्लब निघाले. १९९१ मध्ये ट्रेझॉर सुरू झाला आणि त्या क्लबच्या कंपनीची पहिलीच तबकडी डेट्रॉईटच्या 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' या गटाच्या लोकांची होती. बर्लिनने त्यांना रंगमंच दिला, पैसा दिला, मान दिला, हे मान्य केले पाहिजे. ट्रेझॉरने तर एका संग्रहाच्या नावातच बर्लिन-डेट्रॉईटची युती जाहीर केली होती. खोट आली ती नंतर. युतीतले एक नाव हळूहळू गळत गेले. मार्च २०२४ मध्ये जर्मनीने बर्लिनची टेक्नो संस्कृती आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत नोंदवली. बर्लिनच्या क्लबांना या नोंदीचा उपयोग होईल, चांगलेच आहे. पण ज्या शहरात हा आवाज जन्मला त्याला असे सरकारी कवच नाही. आज रस्त्यावर कोणालाही टेक्नो कुठला म्हणून विचारा, उत्तर बर्लिन येते. आमच्या वर्गातही तेच आले होते.

कोणी म्हणेल, संगीत असेच पसरते, त्यात एवढे काय. अंडरग्राउंड रेझिस्टन्सचा एक किस्सा ऐका. या गटातल्या डीजे रोलँडोने १९९९ मध्ये 'नाइट्स ऑफ द जॅग्वार' ही तबकडी काढली. ती युरोपभर गाजली. एका बड्या कंपनीच्या जर्मन शाखेने तिचे हक्क मागितले, गटाने नाही म्हटले. तेव्हा कंपनीने तेच गाणे सुरावर सूर ठेवून दुसऱ्याकडून वाजवून घेतले आणि बाजारात आणले. कायद्याने त्यांना वाटले आपण मोकळे. पण जगभरच्या ऐकणाऱ्यांनी, दुकानदारांनी, छोट्या कंपन्यांनी निषेधाच्या ईमेलांचा असा भडिमार केला की त्या कंपनीला माघार घ्यावी लागली. मग दुसऱ्या एका बड्या कंपनीने तीच नक्कल उचलली! 'प्रेरित होणे' आणि 'उचलणे' यांतली रेघ कुठे आहे हे या प्रकरणात स्वच्छ दिसते. त्यांना प्रेरणा नको होती, नकार नको होता. ज्याच्याकडे मागायचे त्याला 'नाही' म्हणण्याचा हक्क आहे हेच त्यांना मान्य नव्हते.

आणखी एक गोष्ट. डीजे रोलँडो मेक्सिकन वंशाचा आहे. अंडरग्राउंड रेझिस्टन्स कृष्णवर्णीयांनी उभा केला, पण दारात रक्त तपासून कोणाला आत घेतले नाही.

इथून आमचे डिफॉरेस्ट ब्राऊनशी थोडे भांडण सुरू होते. त्याच्या नावाशी जोडली गेलेली एक टोपी आहे, तिच्यावर लिहिलेले असते 'मेक टेक्नो ब्लॅक अगेन'. ट्रम्पच्या घोषणेची ती थट्टा आहे हे कळते. राग कळतो. चोरी झालेल्या घरात माणूस शांत आवाजात बोलत नाही. त्याच्या पुस्तकातला भर श्रमावर आहे, जन्मावर नाही, हेही आम्ही जाणतो. पण टोपीवर पुस्तक मावत नाही. घोषणा घोषणेसारखीच ऐकू जाते, आणि ऐकणारा म्हणतो की अमुक आवाज अमुक रक्ताचा. असे कोणी म्हटले की आपण सावध व्हायला हवे. जातीचे सगळे गणित याच वाक्यावर उभे आहे. हे काम या जन्माचे, ते काम त्या जन्माचे. 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी घाव घातला तो याच गाठीवर.

आमच्या पणजोबांच्या घरात डफडे होते. ते आवडीने वाजवत नव्हते. गावात लग्न असो, मयत असो, जत्रा असो, बोलावणे आले की जायचे, मांडवाबाहेर उभे राहून वाजवायचे आणि मिळेल ते शिळेपाके घेऊन यायचे. हात फार गोड होता म्हणतात. आजोबांनी बाबासाहेबांचे ऐकून गावकीची कामे सोडली, त्यात मेलेले ढोर ओढणेही सुटले आणि डफडेही सुटले. गावाने दोन वर्षे बहिष्कार टाकला. आज शहरातली काही भली माणसे आम्हाला विचारतात, "तुमची ती परंपरा तुम्ही जपली का नाही?" काय सांगावे? ती परंपरा आमची होती तशी बेडीही आमचीच होती. आज आमच्यातला एखादा पोरगा हलगी हातात घेतो, तालीम करतो, मंचावर मानाने वाजवतो, तेव्हा आनंद वाटतो. कारण तो निवड करतो. त्याच्या शेजारची पोरगी हलगी बाजूला सारून लॅपटॉप घेते, तिचाही आनंद तेवढाच.

म्हणून डेट्रॉईटच्या पोरांचे आम्हाला जे भावते ते नेमके उलटे आहे. त्यांनी जन्माने मिळालेले वाद्य हातात घेतले नाही. जपानचे यंत्र घेतले, जर्मनीचे सूर ऐकले, आपल्या शहराच्या कारखान्यांचा ठोका त्यात घातला आणि जगात नसलेले काहीतरी केले. टेक्नोवर त्यांचा हक्क आहे तो त्यांनी तो केला म्हणून. कष्टाचा हक्क हा जन्माच्या हक्कापेक्षा पक्का असतो, कारण तो पुराव्याने सिद्ध करता येतो. वर्ष सांगता येते, यंत्र सांगता येते, नाव सांगता येते. ब्राऊनचे पुस्तक नेमके हे काम करते आणि म्हणून ते त्याच्या टोपीपेक्षा मोठे आहे.

पुराव्यावरून आठवले. दर काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरतो, 'इलेक्ट्रॉनिक संगीताचा शोध मुंबईत लागला!' त्यामागची गोष्ट खरी आणि सुंदर आहे. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांतले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी काढली. रोलँडचीच यंत्रे, त्यांत ते ८०८ सुद्धा, आणि त्यावर भैरव, मालकंस. तबकडी चालली नाही. २०१० मध्ये ती युरोपातून पुन्हा निघाली तेव्हा जग थक्क झाले, कारण शिकागोत १९८७ च्या सुमारास जे 'अ‍ॅसिड हाऊस' गाजले त्याच्याशी हा आवाज विलक्षण जुळतो. पण शिकागोच्या पोरांनी ती ऐकली होती याला काही आधार नाही. सारखी यंत्रे, दोन शहरे, दोन वेगळे डोकेबाज प्रयोग. चरणजित सिंगांना त्यांचे श्रेय द्यायला शिकागोच्या कृष्णवर्णीयांचे काढून घ्यावे लागत नाही. आपल्या देशाभिमानाला मात्र दुसऱ्याचे काढल्याशिवाय चैन पडत नाही. वरून हा संदेश आमच्याच गटांवर आमचीच माणसे पाठवतात.

आता मूळ प्रश्नाकडे, आपला संबंध काय. दोन वर्षांपूर्वी जयंतीच्या मिरवणुकीत शहरातला एक संगीतकार आला होता. भला माणूस, कानाला हेडफोन, हातात रेकॉर्डर. आमच्या वस्तीतल्या एका पोराने त्या मिरवणुकीसाठी बीट केला होता, खाली संबळाचा तुकडा, वर भीमगीताची चाल, आणि मध्ये असा एक थांबा की अख्खी मिरवणूक श्वास रोखायची. पुढच्या वर्षी त्या संगीतकाराचा अल्बम आला. त्यात तो थांबा होता. तो तुकडाही होता, जरा धुऊन पुसून. आभारात लिहिले होते, महाराष्ट्राच्या रस्त्यांचे ऋण. रस्त्यांचे! रस्ता बीट करत नाही. पोराला विचारले, तक्रार करू या का? तो म्हणाला, "ताई, आपल्याकडे पुरावा काय आहे?" फाइल होती, पण तिच्यावर ना नाव ना तारीख. पेन ड्राइव्ह तीन डीजेंकडून फिरून आला होता.

त्या संगीतकाराला आम्ही चोर म्हणणार नाही. त्याला खरेच वाटत असेल की रस्त्यावर जे वाजते ते कोणाचेच नसते. प्रश्न त्याच्या मनाचा नाही, आपल्या दप्तराचा आहे. डेट्रॉईटमध्ये अंडरग्राउंड रेझिस्टन्सच्या लोकांनी आपल्या इमारतीत 'एक्झिबिट ३०००' नावाचे टेक्नोचे छोटे संग्रहालय उभे केले. जुनी यंत्रे, तबकड्या, कागद. सरकार करील म्हणून थांबले नाहीत. आणि अशा नोंदी ठेवतानाही कोण गळते ते पाहावे लागते. 'तिघे जनक' ही गोष्ट जगाने पाठ केली, पण त्याच शहरात दशकानुदशके तबकड्या काढणाऱ्या, स्वतःची कंपनी चालवणाऱ्या केली हँडचे नाव किती जणांना माहीत आहे? शहराच्या परिषदेने २०१७ मध्ये तिचा गौरव केला, २०२१ मध्ये ती गेली. आपल्याकडेही जयंतीला गाणारी बाई मंचावर दिसते, पण कॅसेटच्या कव्हरावर कवीचे नाव असते, संगीतकाराचे असते, निर्मात्याचे असते आणि कोरसमधल्या बायकांना 'आणि सहकारी' म्हणतात.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले, हार्लेमच्या शेजारी. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइसना पत्र लिहिले तेव्हा काय मागितले? संयुक्त राष्ट्रांकडे निग्रोंच्या संघटनेने दिलेल्या अर्जाच्या प्रती. एकजुटीचे मोठे शब्द नव्हे, कागद. आम्ही त्या मुलीला पहिल्या दिवशी हे सांगायला हवे होते.

परवाच्या रविवारी आम्ही 'टेकझोडस' पुन्हा लावला, या वेळी पूर्ण. दुसऱ्यांदा ऐकताना त्या गारांमध्ये वाट सापडू लागते. एका ठोक्यावर दुसरा चढतो तेव्हा घाईत चालणाऱ्या गर्दीची पावले ऐकू येतात. नाचता मात्र अजूनही येत नाही, आणि जयंतीला हा अल्बम लावायचा विचार कोणी करू नये, मार खाल. त्यानंतर वस्तीतल्या त्या पोराचा लॅपटॉप उघडला. ६१ फाइली निघाल्या. नावे अशी, 'भीम बीट फायनल', 'भीम बीट फायनल न्यू', 'फायनल न्यू २ खरे'. एकेक ऐकून वहीत उतरवायला बसलो. कोणी केले, कुठल्या साली, संबळ कोणी वाजवला, आवाज कोणाचा.

पहिल्याच फाइलवर अडलो. चाल त्याच्या मावशीची निघाली, जात्यावरची. ती म्हणते, माझी कसली, माझ्या आईची. पोरगा म्हणतो, पण थांबा माझा. तासभर वाद झाला, चहा दोनदा झाला. शेवटी वहीत तिन्ही नावे लिहिली, थांब्यापुढे पोराचे नाव ठळक. ६० फाइली शिल्लक आहेत.